मध्ये कोणी उभं राहायचं

पत्रकं मी तमिळमध्ये लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण अक्काशी मी जन्मभर याच घरच्या भाषेत भांडत आले.

अक्का माझी थोरली बहीण. तंजावूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न तिरुच्चीच्या मुलाशी ठरलं आणि घरात एकच प्रश्न उरला: नोकरी राहणार की जाणार. तिरुच्चीहून सकाळची बस धरली की शाळेच्या घंटेआधी पोचता येतं, हे अक्काने चौकशी करून सांगितलंही होतं. पण मुलाच्या आईला सून रोज बसमध्ये धक्के खात जायला नको होती. मुलगा म्हणाला, "अम्माला हळूहळू समजावू." हळूहळू म्हणजे काय, ते कोळंबीच्या तळ्यांविरुद्धच्या चळवळीत शिरल्यापासून मला चांगलं ठाऊक आहे.

या मुलाच्या कंपनीने नुकताच परदेशी भागीदार घेतला होता. तो ट्रेनिंगला अमेरिकेला गेला आणि येताना अक्कासाठी पत्ते घेऊन आला. राजाराणीचे नव्हेत. एकेका पत्त्यावर राक्षस, पंखांचे साप, कुऱ्हाडवाले बुटके. "शिकून ठेव, लग्नानंतर खेळू," असा निरोप. मी म्हटलं, इथे कोळंबीच्या तळ्यांनी भाताची शेतं खारी होतायत आणि हे लोक बाहेरून राक्षस विकत आणतायत.

"भाषण झालं असेल तर बस," अक्का म्हणाली. "पत्ते वाट."

नियमांचा कागद इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. तो वरवर चाळून आम्ही दायम खेळतो तसं खेळू लागलो. दायम आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीवर खडूने घरं आखून खेळतात. फासे टाकायचे, आणि दानात सापडलेल्यांपैकी कोणती सोंगटी कापायची ते कापणारा ठरवतो. लढाई म्हटली की आम्हाला तेवढीच माहीत. मी माझा राक्षस पुढे सरकवायची, अक्काच्या सगळ्यात बारक्या पत्त्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हिला कापलं." ती म्हणजे कंदील धरलेली एक बुटकी. अक्काला आवडायची. दर डावात आधी तीच जायची.

मग एका दुपारी मी कागद नीट वाचला. आमचं सगळंच उलटं चाललं होतं. चाल करणाऱ्याला बळी निवडताच येत नाही. चाल असते समोरच्या खेळाडूवर. आपल्या कुठल्या पत्त्याला मध्ये उभं करायचं, की कोणालाच करायचं नाही, ते तो खेळाडू ठरवतो. मध्ये उभं केलं तर दोन्ही पत्ते एकदमच एकमेकांना मारतात, ज्याची सोसायची ताकद कमी पडली तो जातो. कोणीच उभं राहिलं नाही तर मार थेट खेळाडूला, त्याच्या जिवातून तेवढा वजा. शिवाय चाल केलेला पत्ता दमतो. समोरच्याच्या पाळीत तो आपल्याला वाचवू शकत नाही.

मला हे फार पटलं. हल्ला करणाऱ्यानेच बळीही निवडायचा, हा कुठला न्याय?

"आता तू ठरवायचंस," मी अक्काला म्हटलं, आणि राक्षस पुढे केला. "कंदीलवालीला उभी कर."

"नाही करत."

"अग, मार तुला बसेल."

"बसू दे. तिची ताकद एक. माझ्याकडे पुष्कळ आहे."

"पुष्कळ असलं तरी संपतं. पुठ्ठ्याचा तुकडा आहे तो, मरू दे की."

"सरी, सरी, कळलं. तू तुझं खेळ."

ती हरली. त्यानंतरही हरत राहिली, आणि चटईवर तिची कंदीलवाली जिवंत. मी सगळे पत्ते एकदम चालीला घालायची, घर मोकळं टाकायची. अक्काने एकदा उलटी चाल केली असती तर मी संपले असते. गणिताच्या बाईला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणू?

लग्ननिश्चयानंतर मुलाकडचे पहिल्यांदा घरी आले. कॉफी झाली.

"नोकरीचं नंतर बघू," मुलाची आई म्हणाली. "पण धाकटी बसस्टँडवर उभी राहून कागद वाटते म्हणे? ह्यांच्या ऑफिसातल्या माणसाने पाहिलं. पोलीसही होते जवळ. आमच्याकडे लोक विचारतात."

अप्पांचा चेहरा उतरला. "बंद करतो ते," म्हणाले. "कॉलेजही बंद. घरात बसेल."

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, मुद्द्यांसकट. माझ्याकडे न बघता अक्का म्हणाली, "मामी, मी नोकरी सोडते. शाळेत उद्याच सांगते. हिचं कॉलेज आणि हिचे कागद मात्र असू देत."

"पोरगी शहाणी आहे," मामी अप्पांना म्हणाल्या. "धाकटीचं काय, लग्न झालं की तीही गप्प होईल."

मुलगा तिथेच होता. त्याने आणखी साखर मागितली.

ते गेल्यावर स्वयंपाकघरात मी अक्काला धरलं. "तुला मध्ये पडायला कोणी सांगितलं? मी बोलणार होते."

"बोलली असतीस. आणि अप्पांनी उद्यापासून कोंडलं असतं."

"कोंडू दे. चाल माझ्यावर होती."

"तुझ्यावर कुठली ग? बोट तुझ्यावर ठेवलं, एवढंच. हवी होती माझी नोकरी." तिने कॉफीचे धुतलेले डबरे पालथे घातले. "कोणाला मध्ये उभं करायचं ते मी ठरवायचं. नियमांचा कागद तूच वाचून दाखवलास."

संध्याकाळी तो कागद मी पुन्हा उलटसुलट वाचला. पत्त्याला विचारावं, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी उभी राहिले असते. हे तिला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर काढावा हे मला कळत नाही.

पत्रकं मी अजून वाटते. तिरुच्चीची सकाळची बस स्टँडवर लागते तेव्हा हात थांबतो, आणि मी उतरणाऱ्या बायका बघते. शाळेच्या घंटेआधी पोचते ती बस.