वाळवीने खाल्लेल्या चार मात्रा

सेनोविया चुवेबद्दल लिहायचं तर आधी माझ्या सहीबद्दल लिहायला हवं. उत्सव समितीच्या ज्या पत्राने तिला चर्चच्या कॉयरपुढून उठवलं, त्यावर कॉयरची चिटणीस म्हणून मी सही केली. गावात शिकलेली म्हणून मिरवते, चाळीस वर्षं शाळा चालवली, आणि ते पत्र शेवटपर्यंत वाचलंसुद्धा नाही. ‘मार्गदर्शनासाठी शहरातून माएस्त्रो’ एवढं वाचलं आणि पेन उचललं. शुद्ध मूर्खपणा.

सेनोविया सुती झुले विणते. आणि गेली तीस वर्षं आमच्या सान लिनो गावच्या चर्चमध्ये कॉयरकडून जुनी मिस्सागीतं गाऊन घेते. तिच्या हातात ताल द्यायची काठी नसते. उजव्या हाताची तीन बोटं, तीही छातीच्या वर जात नाहीत. तालमीत ती प्रत्येकाला शेजारच्याच्या पाठीवर तळहात ठेवायला लावते. श्वास कानाला कळण्याआधी हाताला कळतो म्हणते. शब्द आधी नुसते म्हणवून घेते, सुराशिवाय, दहा-दहा वेळा. शेवटचा स्वर कुणी धपकन सोडला की ओरडलीच.

“भरलेली घागर आहे ती, पास्क्वाला! आपटू नकोस, खाली ठेव!”

एकदा ताप होता म्हणून मी गायले नाही, मागच्या बाकावर बसून ऐकलं. युकाचे कंद सोलणारे, ट्रक चालवणारे, कवळी घालणारे आमचे ते उरलेले त्रेचाळीस लोक कुठेच दिसेनात. भिंतीच श्वास घेत होत्या.

तर हिच्या जागी शहरातला तो माएस्त्रो, संगीतगुरू आल्देरेते आला. उत्सवाला तीन आठवडे होते. पहिल्याच दिवशी म्हणाला, “पाठीवर हात कसले? आंधळ्यांची रांग वाटते. काढा.” मग ‘प्रभू, दया कर’ म्हणणारं किरिये सुरू झालं. त्याच्या मध्यावर आम्ही चार मात्रा गप्प होतो, सगळे एकदम. तो हात हलवतोच आहे.

“झोपलात का?”

“नाही माएस्त्रो, इथं आपण गप्प राहतो,” पास्क्वाला म्हणाली.

“का?”

“राहतो म्हणून.”

त्याने दुसऱ्या गावातली जुनी प्रत काढली. तिच्यात त्या चार मात्रांना चांगले ठसठशीत सूर होते. आमच्या मूळ पानाला तिथे वाळवीचं भोक. “वाळवीला संगीतकार मानलंत तुम्ही!” म्हणून हसत सुटला. त्याचं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं.

मी तडक सेनोवियाकडे गेले. ती झुल्याच्या मागावर बसली होती. तिने मान वर केली नाही.

“या मास्तरीणबाई. आज कशावर सही करून आलात?”

गिळलं मी ते. भोकाचं सांगितलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “माझ्या पणजोबांनी नक्कल केली तेव्हाच पान खाल्लेलं होतं. मनाचे सूर भरता आले असते त्यांना. नाही भरले. जे माहीत नाही ते देवापुढे गाऊ नये म्हणाले.”

“पण आता सापडलेत ना सूर?”

“सापडू देत! इतकी वर्षं इतकी माणसं तिथं गप्प उभी राहिली, ती कुठे टाकू?” धागा तिने इतक्या जोरात ओढला की तुटला. “माझ्या आईने शेवटचं गायलं ते हेच किरिये. जा आता. सूर बसव घशात, तो सांगेल तसे.”

उत्सवाच्या दिवशी कॅमेरे, पाहुणे, आल्देरेतेचा काळा कोट. सेनोविया तिसऱ्या बाकावर, हात मांडीवर. आम्ही तीन आठवडे घोटलेले ते सूर गाणार होतो; शपथेवर सांगते, काही ठरलेलं नव्हतं. मध्य जवळ आला आणि माझ्या पाठीवर पास्क्वालाचा घामट तळहात टेकला. मी माझा पुढच्या पाठीवर ठेवला. श्वास थांबला, चव्वेचाळीस जणांचा. आल्देरेतेचे हात हवेत, मान लाल. एक, दोन, तीन, चार. मग आम्ही पुन्हा गायलो.

शहरातल्या पेपरात काय आलं? ‘आल्देरेते यांनी किरियेत घेतलेला धाडसी विराम.’ आणि त्याने ते मुकाट घेतलं! मी पेपराला तीन पत्रं लिहिली. एकही छापलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

कात्रण घेऊन मी सेनोवियाकडे गेले. तिने वाचायला लावलं, सगळं, दोनदा.

“टेनरचे पुरुष अर्धी मात्रा आधी घुसले, ते लिहिलंय का?”

“नाही.”

“मग लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. सोमवारी सगळ्यांना बोलाव.”

“सेनो, समितीचं पत्र अजून तसंच आहे. माझ्या सहीचं.”

“समिती गाते का?” ती खेकसली. “आणि तूसुद्धा लवकर ये. आल्टोच्या बायकांत तुझाच आवाज फाटतोय.”

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. चर्चला कुलूप लावलेलं होतं. फादर म्हणाले, समितीची परवानगी आणा. सगळे जमले तशी सेनोवियाने दाराबाहेरच, उन्हात, तीन बोटं उचलली.