बडे सरांचा धनुष्यबाण

आमच्या बडे सरांना, म्हणजे आमच्या सहावी ते आठवीच्या हिंदी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, निवृत्त व्हायच्या आधी एकच गोष्ट पाहिजे होती. एखाद्या साहेबाने गाडीतून खाली उतरावं, वर्गात बसावं आणि एक तास शेवटपर्यंत ऐकावा. बस. आमचं गाव वारासिवनीच्या रस्त्यापासून बरंच आत आहे, त्यामुळे पाहणीला येणारे साहेब येतानाच परतायच्या घाईत असतात. गाडी फाटकाशी थांबते, इंजिन चालूच, खिडकीची काच अर्धी खाली येते, रजिस्टर आत जातं आणि सही होऊन बाहेर येतं. त्या खिडकीशी वाकून वाकून बडे सर कायमचेच थोडे वाकलेत असं माझं मत आहे. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी एकच पाहणी उरली होती.

हिवाळ्यात बालाघाटला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तिथे सांगितलं की एक विषय धरायचा आणि गणितापासून भाषेपर्यंत सगळं त्यातूनच शिकवायचं. कोणी पाणी धरलं, कोणी झाड धरलं. आमच्या सरांनी हात वर केला आणि म्हणाले, "धनुर्विद्या." सगळा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला. मी बॅगेत काहीतरी शोधायचं नाटक केलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना धारेवरच धरलं. "सर, झाड घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? झाड एका जागी उभं राहतं, कोणाच्या डोळ्यात जात नाही."

"म्याडम, झाड खिडकीतून दिसते," सर शांतपणे म्हणाले. "बाण पाहाले साहेबाले खाली उतराच लागन."

बांबू आमच्याकडे पाहिजे तेवढा. पोरांनी दोन दिवसांत धनुष्यं करून आणली. बाणांच्या टोकाला मी चिंध्यांचे गोळे बांधायला लावले, कारण माझे डोळे मला निवृत्तीपर्यंत हवे होते.

मग तास सुरू झाले. मी गणित शिकवते. फळ्यावर लिहिलं की एक धनुर्धर एका मिनिटात चार बाण सोडतो, तर अर्ध्या तासात किती? लगेच एक मुलगी उठली. "म्याडम, बाण वापस आनाले कोन जाइन? त्याचा टाइम कोन धरन?" दुसरी म्हणाली, आमचा बाण काल नाल्यात गेलता, तो काढालेच अर्धा तास लागला. मग नाल्याला पाणी किती होतं यावर वर्गात भांडण लागलं. घंटा झाली तेव्हा धनुर्धर पहिल्याच बाणावर अडकून पडला होता.

हिंदीवाले सर हळव्या मनाचे. त्यांनी अर्जलेखन घेतलं. बाण हरवला म्हणून एक दिवसाच्या रजेचा अर्ज लिहा. एकाने लिहिलं की माझ्या धनुष्याला ताप आला आहे आणि घरी त्याला बघायला कोणी नाही. ते वाचून सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी रजा मंजूर करून टाकली. पोरगा खरंच दुसऱ्या दिवशी आला नाही.

भूगोलात जिल्ह्याचा नकाशा भिंतीला टांगून त्यावर बाण मारायचा, आणि बाण लागेल त्या गावाची माहिती सांगायची, अशी युक्ती निघाली. पण आमच्या जुन्या नकाशाला हट्टा गावापाशी एक मोठी घडी पडलेली. बाण कुठेही लागो, घसरून त्या घडीतच जाऊन बसायचा. त्यामुळे अख्ख्या शाळेला हट्ट्याची बावडी, म्हणजे तिथली जुनी पायऱ्यांची विहीर, तोंडपाठ झाली, आणि सायकलवर जाता येतं ते वारासिवनी कोणालाच लागलं नाही.

राहिलं लक्ष्य. पहिलं लक्ष्य आम्ही तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, गोल केलं होतं, ते मधल्या सुट्टीत गाईंनी खाल्लं. दुसरंही खाल्लं. म्हणून तिसऱ्या वेळी बांबूच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर तणस घट्ट बांधलं आणि गाईंनी तोंड लावू नये म्हणून त्यावर माझी एक जुनी साडी गुंडाळली. नेम कुठे धरायचा हे पोरांना कळेना, तर हिंदीवाल्या सरांनी कोळशाने दोन डोळे काढून दिले. पोरांनी तोंड काढलं, वर कुंकूही लावलं. ती बाई मैदानाच्या मधोमध गावाकडे तोंड करून उभी राहिली, आणि आम्ही तिघेही शिकलेसवरलेले शिक्षक तिच्याकडे कौतुकाने बघत बसलो.

पौषातली थंडी होती. आठवड्याभरात घरोघरी खोकला सुरू झाला.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद निघते. तणसाची, चिंध्यांची बाई करायची, गावातल्या दुखण्यांची नावं घेत ओरडत तिला ओढत न्यायचं आणि शिवेबाहेर टाकून यायचं. एकदा केली की तिला बाहेर काढावीच लागते. गावात राहिली तर ती दुखणी नेत नाही, उलट आणून देते. मी राजेगावकडची, लहानपणी दर वर्षी घसा बसेपर्यंत ओरडलेली. तरी साडीच्या निऱ्या घालताना माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण नारबोद भाद्रपदात असते आणि आमचा तर अभ्यासक्रम चालला होता.

पाहणीच्या दिवशी सकाळीच बायका शाळेत आल्या. पुढे बुढी माय. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून गाव तिला बुढी माय म्हणतं.

"गुरुजी, नारबोद शाळेत काहून उभी केली? अन् तोंड गावाकडं! मंग खोकला नाही येइन तं काय येइन?"

"माय, ते नारबोद नाही, ते लक्ष्य आहे," बडे सर म्हणाले.

"लुगडं हाय, डोये हायेत, तनसाची हाय. अजून काय पाह्यजे नारबोदले?"

"साहेब येऊन जाऊ द्या, मंग न्या," सर हात जोडून म्हणाले.

"तवरिक माह्या नातवाचा खोकला कोन सांभायन? तुमचा साहेब?"

आणि बायकांनी लक्ष्य उपटलं. चिंध्यांच्या टोकांचे बाण निऱ्यांत तसेच अडकलेले. 'खोकला घेऊन जाय वं नारबोद!' असा पहिला आवाज उठला, तशी सगळी शाळा वर्गांतून बाहेर पडून मागे धावली. सहावी, सातवी, आठवी, कोणी उरलं नाही. हिंदीवाले सरही गेले. त्यांना खोकला होता. बडे सर हातात धनुष्य घेऊन सगळ्यांच्या मागे पळत होते, "अरे, साहेब येऊन राह्यले! वापस या!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला त्यांची इतकी दया आली की मी चपला हातात घेऊन त्यांच्यामागे पळाले.

शिवेवर पांढरी गाडी समोरच आली.

नारबोद समोरून येत असली तर तिला ओलांडून गावात शिरायचं नाही, असं आमच्याकडे मानतात. गाडीचा ड्रायव्हर याच भागातला. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि स्टिअरिंगवरचे हात जोडले. साहेबांनी काच खाली केली. त्यांना दिसलं ते असं: बाणांनी भरलेली एक तणसाची बाई, तिला ओढणाऱ्या बायका, ओरडणारी शाळा, आणि धनुष्य घेऊन पळत येणारे मुख्याध्यापक. संपलं, मी मनात म्हटलं, आता सरांची पेन्शन अडकणार.

साहेब दार उघडून खाली उतरले.

"नारबोद?" ते म्हणाले. "आता? थंडीत?"

साहेब मूळचे गोंदियाकडचे निघाले, तिकडेही नारबोद असते. बुढी मायने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुले काही दुखते का, बाबू?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि दोरीला हात घातला. "मानदुखी घेऊन जाय वं नारबोद!" मग गळा मोकळा झाला तसे ते थांबेचनात. "ऑनलाइन मीटिंगा घेऊन जाय वं! रोजची माहिती मागनं घेऊन जाय वं!" पोरं दर वेळी मागून दुप्पट ओरडत होती. माझी साडी आणि सरांची पाहणी दोन्ही शिवेबाहेरच्या खड्ड्यात गेली.

हातपाय धुऊन झाल्यावर ड्रायव्हरने जाहीर केलं की नारबोदीच्या तोंडासमोर आलेली गाडी धुतल्याशिवाय तो हलवणार नाही. तो बादली शोधायला हँडपंपाकडे गेला. साहेबांनी बाह्या खाली केल्या. मग म्हणाले, "चला सर, तोवर एखादा तास घ्या."

आठवीच्या वर्गात माझाच तास होता. गाईंनी खाल्लेल्या गोल लक्ष्याच्या दोन वर्तुळांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ. मी रात्रभर तयारी केली होती. खडू उचलला, तर बडे सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. विचारलंही नाही! मला रागच आला. साहेब शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी गुडघे दुमडून बसले.

सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं. किती वर्षांत त्यांनी वर्ग घेतला नव्हता, नुसते कागद भरले होते. पहिली काही वाक्यं अडखळली. मग ते कड्यावरून दोरीच्या ताणावर गेले, ताणावरून बांबूवर, बांबूवरून जंगलावर, तिथून जुन्या लढायांवर, आणि परत कड्यावर आले. पाठीतला बाक कुठे गेला होता कोण जाणे. हिंदीवाले सर दारात उभे राहून डोळे पुसत होते. माझा राग गेला आणि मीही पुसायला लागले. घंटा वाजवायची कोणालाच आठवण राहिली नाही. तास संपून दुसरा सुरू झाला, गाडी धुऊन फाटकाशी आली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

शेवटी साहेबांची चुळबुळ सुरू झाली. ते अर्धवट उठले, फळ्याकडे बघितलं आणि हळूच करंगळी वर केली.

सर गणिताच्या अगदी मध्यावर होते. त्यांनी मान अर्धी वळवली.

"पहले क्षेत्रफल बता, फिर जा."

साहेब खाली बसले आणि त्यांनी शेजारच्या मुलीकडे पेन्सिल मागितली.