बिनकॉफीचा महिना

सलूनवाल्या काकांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आधी महिनाभर कॉफी, चॉकलेट बंद करा. त्यानेही हात कापतो. नाहीच थांबला, तर मग दुसऱ्या तपासण्या."

काका खूश झाले. दिवसाला आठ कप कॉफी आणि खिशात सदैव चॉकलेट. दोष या दोन्हींचाच असणार. काकूंनी कॉफी आणि चॉकलेट कुलपात टाकले.

"काय हो, माझी दाढी कधी करणार?" जुनं गिऱ्हाईक विचारायचं.

"महिनाभर थांबा, नाक शाबूत हवंय ना?" काका हसायचे आणि नुसते केस कापून द्यायचे.

तिसाव्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी एक फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस फासला. उमेदवारीत ते असेच वस्तरा धरायला शिकले होते. पहिला हात अलगद फिरला. दुसऱ्याला फुगा फुटला.

दुकानामागच्या स्वयंपाकघरात काकूंना फुगा फुटल्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी कडक कॉफी केली, बशीत चॉकलेटचा तुकडा ठेवला आणि बाहेर आणून दिली.

"घ्या आता."

काकांनी गालावरचा फेस पुसला आणि कप मागे सरकवला.

"नको. अजून एक महिना बघू."