कावळ्याला दिलेला शब्द

माझी धाकटी बहीण गेली त्याला दोन-अडीच महिने झाले असतील. एका दुपारी लेक शाळेतून घरी आली ती नाचतच. शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं होतं. कसलं, म्हटलं, तर म्हणे एरिनीचं.

"हे काय डोंबलाचं आणि?"

लेक जर्मनमध्ये बोलते, मी मराठीत. जर्मनीत, येना शहरात आल्यापासून आमचं असंच चाललंय. तिने सांगितलं ते असं, की ग्रीकांच्या पाताळात या एरिन्या राहतात (अनेकवचन माझं). केसांत साप, डोळ्यांतून गळणारं रक्त. कुणी आपल्याच माणसाचा, त्यातून आईचा, जीव घेतला की त्या वर येतात आणि वास काढत त्याच्या मागे लागतात. वेड लागेपर्यंत सोडत नाहीत. लोक इतके टरकून असायचे, की त्यांचं नाव न घेता त्यांना 'दयाळू बाया' म्हणायचे.

मला यात काहीच नवल वाटलं नाही. आपण नाही का संध्याकाळनंतर सापाला जनावर म्हणत, आणि अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणत? फरक एवढाच, की आपल्याकडे इच्छा राहून मेलेली बाई स्वतःच हडळ होऊन येते, ग्रीकांकडे तिच्या वतीने दुसऱ्या येतात. बरी सोय आहे, असं मनात आलं. कारण त्या दिवसांत ते काम मी एकटी करत होते.

बहीण नाशिकला असायची. नवरा, चौथीतली मुलगी आणि ती. एका सकाळी न्हाणीघरात कोसळली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. हृदयविकार. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो. फोनवर तिचा नवरा मला सांगत होता, "ताई, पित्त झालंय म्हणत होती दोन दिवस. आलं-लिंबू घेत होती. मला वाटलं, बसेल." बसेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको दोन दिवस छाती चोळतेय, तोंडावर घाम आहे, आणि या गृहस्थांना वाटतं बसेल!

मला जाता आलं नाही. पासपोर्ट नूतनीकरणाला दिला होता, तो वकिलातीतून सुटेना. माझ्या पाठच्या बहिणीला मी फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं, तेही मधेमधे थिजणारं.

दहाव्याचा विधीही तसाच पाहिला. गोदावरीकाठी पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहिले. कावळे होते, पण एकही शिवेना. तिचा नवरा हात जोडून एकेक कबूल करत होता, मुलीला खूप शिकवीन, दुसरं लग्न करणार नाही. कावळे नुसते बघत होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी गेले. मी मात्र इकडे ताडकन उठले. ती त्याच्या हातचं घेत नाहीये, माझी खात्रीच पटली. तिला काहीतरी सांगायचंय.

मी भात केला, त्यावर दही-तीळ घातले आणि ताटली बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली. इथले कावळे काळेकुट्ट आणि धिप्पाड, आपल्याकडच्या कावळ्यांसारखी राखाडी मान नाही त्यांना. एक समोरच्या झाडावर येऊन बसला. मी म्हटलं, "तुझ्या लेकीकडे मी बघीन गं." ढिम्म. "आईला वर्षातून दोनदा भेटीन." ढिम्म. मग माझा बांध फुटला. मी रडत ओरडले, "त्याला सोडणार नाही! तुझ्या नवऱ्याला मी सुखाने जगू देणार नाही!"

आणि तो कावळा खाली उतरला. भाताचा मोठा घास घेऊन उडाला.

कारखान्यात दिवसभर भिंगांवरचे ओरखडे यंत्रातून तपासणारी मी बाई. पण त्या घासावर मी इतका विश्वास ठेवला, की तेवढा कशावरच कधी ठेवला नव्हता. माझ्या ओरडण्याच्या आधीपासून त्याला भूक लागली असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी मूळची फटकळ, माहेरी मला लवंगी मिरचीच म्हणत. तो तोंडाचा पट्टा आता सुटला. "तू मारलंस तिला," असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. इतकी वर्षं ज्या माणसाशी 'अहो जाहो' केलं, त्याला अरे-तुरे करून सांगितलं. मावश्यांना, आत्यांना, त्याच्या थोरल्या भावाला फोन करून सांगितलं. तो कधी उलट बोलला नाही. नुसता "हो ताई" म्हणायचा, त्याने माझा आणखीनच तिळपापड व्हायचा. शेवटी त्याने फोन उचलणंच बंद केलं.

त्याबरोबर भाचीही बंद झाली. दर रविवारी ती फोनवर यायची, दात पडला की तोंड उघडून दाखवायची. बहिणीचं जे काही या जगात उरलं होतं, ते तेवढंच होतं. डिट्टो तिचं कपाळ, तिचं नाक. रविवार आला की मी फोन समोर ठेवून बसायची. आईने सांगून पाहिलं, "अगं, त्याला बोलून माझी पोर परत येणार आहे का? नातीला तरी तोडू नकोस." मी म्हटलं, मी शब्द दिलाय.

लेकीच्या नाटकासाठी मी काळ्या लोकरीचे साप विणायला घेतले. विणता विणता तिला विचारलं, "या तुझ्या एरिन्या त्याला काय काय करतात?"

"झोपू देत नाहीत. जाईल तिथे जातात."

"बरं करतात."

ती आरशासमोर सापांची टोपी घालून बघत होती. म्हणाली, "पण आई, त्या कुणाला काही विचारतच नाहीत. म्हणजे, खरं काय झालं, कसं झालं, काहीच नाही. नुसत्या पळत सुटतात."

"त्यांना माहीत असतं," मी म्हटलं, आणि विणत राहिले.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, फोन वाजला. बहिणीच्या नवऱ्याचा. आवाज ओळखू येत नव्हता इतका बसलेला.

"ताई, मला काय बोलायचं ते बोला. पण पोरगी धड जेवत नाहीये. शाळेत जात नाही. काय झालं ते मला सांगत नाही, तुमच्याशीच बोलायचं म्हणते. फोन स्पीकरवर ठेवतो, तिला धरवत नाही."

मग ती आली. "मावशी?" एवढंसं.

"बोल गं सोन्या."

"तू बाबांना ओरडतेस ना? तू त्यांना म्हणालीस, तू मारलंस. मी ऐकलं."

मी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"ते बाबांना माहीतच नव्हतं. आईला खूप दुखत होतं. रात्री ती माझ्या खोलीत येऊन बसली होती, इथे हात दाबून. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस हं, ते उगाच घाबरून दवाखान्यात नेतील आणि तुझं गॅदरिंग बुडेल. माझा डान्स होता ना दुसऱ्या दिवशी. तिला बघायचा होता. मलाही करायचा होता." ती थांबली. "म्हणून मी नाही सांगितलं. ते मी केलं मावशी, बाबांनी नाही."

म्हणजे इतके दिवस माझं ओरडणं त्या घरात जिला लागत होतं, ती ही होती. ही एवढीशी पोर.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "नाही. तुझी चूक नाही. अजिबात नाही."

"मग कुणाची?"

तिने ते अगदी सरळ विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मी इतके दिवस सगळ्या नातेवाइकांना ओरडून ओरडून दिलं होतं. पलीकडे तो ऐकत होता. कावळ्याला दिलेला शब्द माझ्या घशात आला, तो मी गिळला.

"कुणाचीच नाही," मी म्हटलं. "तुझी नाही, बाबांची नाही. कुणाचीच नाही गं."

पलीकडे एक मोठा माणूस हंबरडा फोडून रडायला लागला. आणि त्याच्यावरून तिचा आवाज येत राहिला, "बाबा, ऐकलं ना? मावशी म्हणते कुणाचीच नाही. बाबा, रडू नका ना."