टाळीची माफी

आभारप्रदर्शन कोणी ऐकतं का हो? अध्यक्षांचं भाषण संपलं की लोक चपला शोधायला लागतात, बायका पोरांना कडेवर घेतात, आणि कुणीतरी बिचारं माइकसमोर ‘मी माझं परमकर्तव्य समजते’ म्हणत उभं असतं. आमच्या शाळेत ते बिचारं म्हणजे मी. पारोळ्याच्या बाजूला एका गावात संस्थेची शाळा होती. धुळ्याला होस्टेलवर राहून बी.ए., बी.एड. केलं आणि तिथे मराठी शिकवायला लागले. आवाज खणखणीत, म्हणून आभार कायम माझ्या गळ्यात. नोकरी मात्र कायम नव्हती. कायम होण्याआधीची दोन वर्षं भरायला तीन महिने उरले होते आणि संस्थेकडून येणाऱ्या त्या एका कागदाकडे मी आणि माझी आई डोळे लावून बसलो होतो.

आम्ही भिल. त्याच गावच्या भिलाटीतले, म्हणजे गावाबाहेर नाल्याकाठी आमच्या लोकांची घरं असतात तिथले. आई निंदायला, कापूस वेचायला जायची. वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. ज्यांच्या शेतात ते मरेपर्यंत राबले त्यांचा मुलगा पुढे जिल्ह्यातला मोठा पुढारी झाला. त्यांना सगळे साहेब म्हणत. शाळेची संस्थाही त्यांचीच. ही गोष्ट त्याच साहेबांची, आणि माझ्या एका टाळीची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन होतं. मंडप, फीत, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग. पुढे सतरंजीवर मुलं, पहिल्या दोन रांगांत भिलाटीची, कारण नवे गणवेश त्यांनाच मिळाले होते आणि ते साहेबांना दिसायला हवे होते. मागे बायकांमध्ये माझी आई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

साहेब बोलायला उठले. रंगात आले की ते हात वर करून बोलत. तसा हात वर करून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही बघा, आमच्या भिलाटीतली पोर! अहो, ही भिल्लडी म्हणजे रानटी जात. शिकार करायची, दारू गाळायची, एवढंच यांना ठाऊक. त्यांना आम्ही माणसात आणलं! आज ही फाडफाड मराठी शिकवते!”

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि मी टाळी वाजवली.

हे लिहितानाही माझे कान तापतात. स्टेजवर बसलं की साहेब थांबले तिथे टाळी वाजवायची, ही हाताला सवयच लागलेली असते. डोक्यापर्यंत शब्द पोचायच्या आत हात वाजून मोकळे. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या माझ्या मुलांनी आधी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मग वाजवली होती. नव्या कोऱ्या गणवेशात, हसत हसत, स्वतःला रानटी म्हटल्याबद्दल.

पुढचं भाषण मी ऐकलंच नाही. हातात आभारांची यादी होती, मुख्याध्यापकांच्या अक्षरातली. पहिलं नाव अर्थातच साहेबांचं. माझी पाळी आली. लोक उठायला लागले होते. मी माइक धरला आणि यादी उलटी सुरू केली. मंडपवाल्याचे आभार मानले. माठ भरून ठेवणाऱ्या मावशींचे मानले. खोल्यांच्या भिंती चढवणाऱ्या गवंड्यांचे आणि त्यांना विटा देणाऱ्या बायकांचे मानले. सतरंज्या घालणाऱ्या मुलांचे, फळ्यावर रांगोळीसारखी अक्षरं काढणाऱ्या मुलींचे मानले. आणि “इथेच माझे आभार संपले” असं म्हणाले.

उठलेले लोक जिथल्या तिथे थांबले. साहेब हात जोडून तयारीत बसले होते, ते तसेच राहिले. मुख्याध्यापक लगबगीने जवळ आले. “बाई, साहेब राहिले!”

“राहिले नाहीत सर, मी सोडले.” माइक चालूच होता. “आम्ही आधीपासून माणसातच होतो. साहेबांना दिसलो नाही, त्याचे आभार कसे मानू?”

मग कुणीतरी घाईघाईने राष्ट्रगीत सुरू केलं. बरंच झालं.

स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी सगळे एकदम शहाणे झाले होते. “बोलण्याच्या ओघात गेलं हो.” “त्यांच्या मनात तसं काही नसतं.” “उलट कौतुकच केलं की तुमचं!” गणिताचे सर वयाने मोठे, मनाने चांगले. ते समजुतीने म्हणाले, “बाई, साहेब जुन्या वळणाचे. त्यांच्या लहानपणी सगळे असंच म्हणायचे.”

“त्यांच्या लहानपणी आम्हीही होतो, सर. आम्हाला तेव्हाही ऐकू यायचं.”

सरांनी पुढ्यातल्या वह्या तपासायला घेतल्या. पण एवढ्यावर भागणार नव्हतं. दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. संस्थेचा निरोप आला होता. अपमान चारचौघांत झाला, तर माफीही चारचौघांत हवी. शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे माफीनामा वाचायचा, तो साहेबांकडे पाठवायचा, आणि नाही वाचला तर कायम व्हायचं विसरा. “चार ओळींचा तर प्रश्न आहे,” मुख्याध्यापक अगदी काकुळतीला आले होते. “वाचा आणि सुटा. मलाही सोडवा.”

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पाठीवर हात फिरवेल. कसलं काय! भाकरी थापता थापता तिने मला फाडून खाल्लं. “नोकरी गयी तं काय करशी? कापूस येचाले येशी का मनासंगे?” सहा वर्षं धुळ्यात कुणाच्या जिवावर शिकले, याची सगळी उजळणी झाली. मी खाली मान घालून ऐकत होते. भाकरी तव्यावर टाकून ती थांबली.

“मी टाळी नही वाजाडी,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

“बठ्ठासनी वाजाडी. मी हात मांडीवर ठेवात. तुना बाप त्याना वावरमा राबना, तो माणूस नव्हता का? तू काब्र वाजाडी? पोरेसनी तुले दखं, मंग त्यासनी वाजाडी.”

मी का वाजवली, या तिच्या प्रश्नाने आभारातली माझी सगळी मर्दुमकी त्या चुलीपुढे पार गळून पडली. मंडपात सगळ्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. आईने माझे हात पाहिले होते. रात्री मी माफीनामा लिहायला बसले. कागद झरझर लिहून झाला.

कायम होण्याचा कागद मला त्या शाळेत मिळाला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जूनमध्ये मी पिंपळनेरकडच्या एका आश्रमशाळेत गेले आणि सगळी नोकरी तिकडेच केली. आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, पण कापूस वेचायला मला कधी बोलावलंही नाही. त्या शनिवारबद्दल मला एका क्षणाचाही पस्तावा नाही. आजही ते साहेब समोर आले तर आभारांत त्यांना सोडीनच.

तर शनिवार. प्रार्थना झाली. संस्थेचा एक माणूस खुर्चीत बसला होता, माफीनामा सोबत न्यायला. मी कागद उघडून वाचला.

“मी माफी मागते. उद्घाटनाला पहिल्या दोन रांगांत बसलेल्या माझ्या मुलामुलींची. त्या दिवशी आपल्याच मंडपात तुम्हाला रानटी म्हटलं गेलं, आणि मी टाळी वाजवली. माझं बघून तुम्ही वाजवली. चूक तुमची नाही, माझी आहे. तुमच्या आईवडिलांनाही घरी जाऊन सांगा की बाईंनी माफी मागितली.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. खुर्चीतला माणूस उभा राहिला. आमच्या शाळेत काहीही वाचून झालं की मुलांनी टाळ्या वाजवायच्या, असा शिरस्ता होता. मुलांचे हात उचललेही गेले.

“थांबा,” मी म्हणाले. “माझ्याकडे बघून वाजवू नका. वाजवायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.”

दोनशे मुलांचे हात तसेच अर्ध्यावर राहिले. वाऱ्याने झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. मग भिलाटीतली, आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या खुर्चीजवळच्या माणसाकडे सरळ पाहत तिने टाळी वाजवली.