बिनआवाजाचा पुरावा

एक टोपी मिळाली नाही म्हणून रंगनाथ बारा वर्षं सख्ख्या बहिणीचा उंबरा चढला नाही. टोपी तरी कसली? लग्नात वाटतात तसली पांढरी. ती डोक्यावर बसत नाही आणि घरी आणली की बायका तिनं चुलीवरचं पातेलं उतरवतात. पण मान म्हणजे मान! आमच्या दिंडोरीकडं माणूस आमटीत मीठ नसलं तरी गप्प जेवेल. माईकवर नाव पुकारून टॉवेल-टोपी दिली नाही, तर मात्र तो नातवंडांनाही भांडण वाटून जाईल.

आता हा रंगनाथ कोण ते सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात तो माल तपासायला होता. सुटा भाग हातात घ्यायचा, नाक मुरडायचं आणि बाजूला टाकायचा. हे काम त्यानं इतका जीव लावून केलं की रिटायर झाला तरी नाक काही सरळ झालं नाही. सिडकोतल्या घरात रिकामा बसला असताना मुलाचा जुना कॉम्प्युटर त्याच्या वाट्याला आला. त्यावर व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायचं सॉफ्टवेअर होतं. झालं! गल्लीत कुणाची हळद असो की बारसं, हा दारात हजर. "तुमचा व्हिडिओ कच्चा आहे. माझ्याकडं द्या, पक्का करून देतो."

पक्का म्हणजे काय, ते मी एकदा शेजारी बसून पाहिलं. त्यानं एमपीफोर फाइल घेतली, तिची एव्हीआय केली आणि त्या एव्हीआयची परत एमपीफोर केली.

मी म्हटलं, "अरे, होती तीच झाली की!"

"अप्पा, वजन बघा. आधी दोनशे एमबी होती, आता नऊशे झाली. माल भरला."

द्राक्षाचा घड भरतो, हे मला ठाऊक आहे. या भरलेल्या मालात मात्र नवरा-नवरीची तोंडं उन्हात ठेवलेल्या गुळासारखी पाघळली होती. शेजारच्या बारशाचं चित्र त्यानं टीव्हीभर ताणलं, तर पाळण्यातलं पोर पहिलवान दिसायला लागलं. आजी खूश झाली. पोराची आई अजून याच्याशी बोलत नाही.

आणि काम किती झालं ते दाखवणारी ती हिरवी पट्टी! तिच्यासमोर तो आरतीला बसल्यासारखा बसायचा. त्याची बायको सविता एकदा मला म्हणाली, "अप्पा, माझ्या बाळंतपणात हे पारावर पत्ते कुटत होते. आता फायलीचं बाळंतपण चाललंय तर जागचे हलत नाहीत."

असो, मी टोपीचं सांगत होतो. रंगनाथची थोरली बहीण सगुणाबाई आमच्या गावात, द्राक्षबागेच्या घरात दिलेली. तिच्या मोठ्या मुलीचं, तृप्तीचं लग्न होतं. हा एकुलता एक मामा. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या मागं नीट उभा होता. मग मानाच्या टोप्या सुरू झाल्या. माईकवर मी. गावातल्या लग्नात माईक माझ्याच हातात असतो. दुसऱ्याला दिला तर तो आधी स्वतःचंच कौतुक करतो. मी याचं नाव घसा बसेपर्यंत पुकारलं. हा आला नाही. संध्याकाळी मात्र गाडीला किक मारून निघाला. "अप्पानं माझं नाव घेतलं नाही, कारण आक्कानं घेऊ दिलं नाही," असं सगळ्या वस्तीला ऐकवून गेला. मी शपथा घेतल्या. सगुणाबाई रडली. उपयोग शून्य.

यंदा तिच्या धाकटीचं, हर्षालीचं लग्न ठरलं. नवरीच्या पाठीशी मामा तर हवा. भावकीतल्या शहाण्यांनी चुलत मामा उभा करायचं सुचवलं. हर्षाली म्हणाली, "माझ्यामागं माझा मामा पाहिजे. उसना नको."

रंगनाथला निरोप गेला. उत्तर आलं, "तृप्तीच्या लग्नाची डीव्हीडी पाठवा. नाव पुकारल्याचा पुरावा निघाला तर येईन. नाही निघाला तर माझ्याशिवाय अक्षता टाका."

डीव्हीडी तृप्तीच्या सासरी साड्यांच्या घडीत सापडली. प्लेअर लग्नाआधीच बिघडलेला, म्हणून ती कुणी कधी लावलीच नव्हती. त्यातल्या फायली आताच्या टीव्हीला चालत नाहीत, म्हणून त्या रंगनाथच बदलणार होता. म्हणजे फिर्यादी हाच, न्यायाधीश हाच आणि पुरावा शिजवणारा आचारीही हाच!

ठरल्या दिवशी सगुणाबाई, हर्षाली आणि मी सिडकोत पोचलो. त्यानं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि हातात पट्टी घेऊन मास्तरासारखा उभा राहिला. पडद्यावर मांडव आला, माणसं आली, पण आवाज काही येईना.

"आवाज कुठंय?" मी विचारलं.

"काढला. बँडच्या गोंगाटात पुरावा बिघडतो. पुरावा डोळ्यांनी बघायचा असतो, अप्पा."

पडद्यावर मी माईक धरून माशासारखी तोंडाची उघडझाप करत होतो. एकेक पाहुणा येत होता, टोपी घालून घेत होता. रंगनाथनं पडद्यावर पट्टी आपटली. "सरपंचापासून टँकरवाल्यापर्यंत सगळे आले. मी कुठंय? दाखवा!"

सगुणाबाईचं तोंड उतरलं. "आरं रंगा, तुझी टोपी मी सोता बाजूला काढून ठिवली व्हती."

"मग घातली कुणाला?"

मुक्या तोंडानं मी रंगनाथ म्हणतोय की रताळं, कुणाला कळणार? लेकीच्या पाठीशी आता उसना मामा उभा राहणार, हे सगुणाबाईच्या डोळ्यांत दिसायला लागलं.

तेवढ्यात हर्षाली उठून कॉम्प्युटरसमोर बसली. "मामा, आवाजाची टिक का काढली?"

"तुला पुरावा बघायचाय की बँड ऐकायचाय?"

"बँड ऐकायचाय. ताईच्या लग्नात मी लय नाचले होते."

नवरी होणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणणार? तिनं साधा प्रकार निवडून टिक केली, हिरवी पट्टी सरकायला लागली. हा मागून सूचना देतोय, "वजन कमी येईल बरं! दुसरा प्रकार निवड!" ती म्हणाली, "येऊ द्या हलकं."

पुन्हा मांडव आला, आता बँडसकट. एडिटिंगवाल्यानं मूळ आवाजावर गाणी घालायचा कंटाळा केला होता, देव त्याचं भलं करो. माझा आवाज आला, खणखणीत: "नवरीचे मामा रंगनाथराव, मांडवात यावं! मानाची टोपी!"

आणि कॅमेऱ्याच्या अगदी कानाशी, माझ्या माईकवर मात करणारा दुसरा आवाज: "तिकडं काय घेतोस? नवरीचे दागिने घे! सरळ धर! मी क्वालिटीतला माणूस आहे, मला शिकवू नको!"

मी: "रंगनाथ मामा कुठं आहेत?"

कानाशी: "हा माईकवाला एक गप्प बसत नाही. लाइट वर घे, लाइट!"

मग शूटिंगवाल्याचा बिचारा आवाज: "मामा, तुम्हालाच बोलावतायत..."

"तू तुझं काम कर!"

आणि पडद्यावर सगुणाबाई, हातात टोपी घेऊन गर्दीत भिरभिरतेय. कॅमेरा तिच्यावरून सरकला आणि नवरीच्या पाटल्यांवर जाऊन थांबला.

सविता पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसताच चिडली. "बारा वर्षं! नणंदेचा एवढा बाग असताना मी बाजारातली आंबट द्राक्षं खाल्ली!"

रंगनाथनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आवाज माझाच आहे," एखादा भाग नापास करावा तसं म्हणाला. मग पडद्याकडं बोट दाखवून, "पण दागिने किती स्वच्छ आलेत बघा."

सगुणाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माफीबिफी नको मला. पोरीच्या मागं हुबा ऱ्हातो का नाय, येवढंच सांग."

"राहतो. पण शूटिंगवाला मी पारखून घेणार."

"घे पारखून. पण अप्पानं नाव घेतलं की ओ द्यायची. हाय कबूल?"

मग मीच, माईक नसताना, मांडवातला आवाज लावला, "नवरीचे मामा!"

"ओ!" रंगनाथ खेकसला. "ऐकू येतंय मला, अप्पा. ओरडू नका."