चांदपाशाचा तिसरा गिअर

नाटकातल्या माणसांवर लिहिणारे पुष्कळ असतात. नाटक ज्याच्यामुळे वेळेवर गावात पोचतं, त्याच्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून आज मी चांदपाशावर लिहितो आहे.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी, ब्याऐंशी साली, आमच्या नाटक मंडळीला पहिल्यांदा स्वतःचा ट्रक मिळाला आणि ट्रकबरोबर चाकूरचा हा विशीतला ड्रायव्हर. नव्या जिल्ह्याच्या आनंदात गावोगाव मंडप उभे राहत होते. त्याच वर्षी चांदपाशाचं लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी स्वारी ट्रकवर हजर.

“अरे, चार दिवस तरी थांबायचं,” मी म्हणालो. मी मंडळीतला नट, पण तो मला मास्तरच म्हणायचा.

“मास्तर, तुमचा राजवाडा माझ्या ट्रकात हाय. तो पोचला न्हाई तर राजा काय उकिरड्यावर बसंल?”

त्याची बायको शहजादी आमच्या एकाही खेळाला आली नाही. तिच्या वाट्याला नवऱ्याचा हॉर्न तेवढा यायचा. चाकूरवरून जाताना तो दोनदा वाजवायचा आणि ती दारात येऊन उभी राहायची, असं तो सांगे. आम्ही ट्रकात मागे पडद्यांवर आडवे झालेलो असायचो. ते दोन हॉर्न मला आजही ऐकू येतात. काय दिवस होते! तेव्हा वाटायचं, ट्रक असाच चालत राहणार.

पुढे मंडळी मोडली. चांदपाशानं एक जुनी सात माणसांची गाडी घेतली, भाड्यानं चालवू लागला. आता आम्ही दोघं लातुरात एकाच गल्लीत राहतो.

सोळा सालचा दुष्काळ आला तेव्हा आमच्या नळाला महिना महिना पाणी नव्हतं. चांदपाशानं गाडीची मागची बाकं काढली, दोन ड्रम बसवले आणि चाकूरकडच्या एका ओळखीच्या विहिरीवरून गल्लीला पाणी आणू लागला. गाडी दमली. तिसरा गिअर टाकला की आपोआप सुटायचा. एकदा शहजादीभाभी पुढे बसल्या होत्या. उतारावर गिअर सुटला, गाडी सुसाट निघाली, समोरच्या ट्रकनं बोंब मारली आणि ब्रेक लागताच ड्रम घसरून भाभींच्या पाठीवर आला. भाभी उतरल्या आणि चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोकरच्या मुलीकडं, फरीदाकडं, जायची पिशवी भरली. जाताना सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या, “कंपनी का आदमी लिख के देगा ना, के गाडी में बैठने को हरकत नै, तब आती मैं. तब तक नक्को.”

फेब्रुवारीत त्या गेल्या. एप्रिल उजाडला, रेल्वेनं लातूरला पाणी आलं, भाभी आल्या नाहीत. चांदपाशा संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायचा. एकदा म्हणाला, “मास्तर, दोन मान्सांचा चहा करून राहिलो मी. सवय जात न्हाई.”

अशात बातमी आली की त्या गाडीच्या कंपनीनं गिअरबॉक्समध्ये खोट निघाल्यामुळं काही गाड्या परत बोलावल्या आहेत. यादीत नंबर असला तर कंपनी नवा गिअरबॉक्स बसवून देते, तसा कागदही देते. चांदपाशा धावत आला. “कंपनीचा मानूस लिहून देनार, मास्तर! चला नांदेडला.”

निघालो. साऱ्या रस्त्यानं त्याचा डावा हात तिसऱ्या गिअरवर दाबून धरलेला. हातानं धरला की सुटत नाही. चाकूर आलं तेव्हा त्यानं सवयीनं हॉर्नकडं हात नेला आणि तसाच मागे घेतला.

शोरूममध्ये शिवलिंग नावाचा सुपरवायझर होता. सभ्य मुलगा. म्हणाला, “यादी चेसिस नंबरानं लावलेली आहे, काका. आरसी बुक द्या.”

आरसी बुक ड्रमच्या पाण्यानं भिजून शेवटचे आकडे पुसले गेले होते. गाडी जुनी घेतलेली, त्यामुळं त्यांच्या दप्तरात चांदपाशाचं नाव नव्हतं.

“हरकत नाही, लोखंडावर ठोकलेला नंबर वाचू,” म्हणत शिवलिंग पुढच्या चाकामागे वाकला आणि तसाच राहिला. “काका, इथं तर देव बसलाय!”

ही आमच्या मंडळीची करणी. मालक व्यंकटराव दसऱ्याला ट्रकची पूजा करायला लावत. ते सांगत, “पाटीवरचं नाव सरकारनं दिलेलं. कारखान्यात ठेवलेलं नाव चाकामागं लोखंडावर हाय. शेंदूर तिथं लाव.” चांदपाशानं ते मनावर घेतलं ते कायमचं. जुम्म्याची नमाज चुकवली नाही तसा दसऱ्याचा शेंदूर या गाडीलाही चुकवला नाही. कोणी टोकलं तर म्हणायचा, “हे धरमाचं न्हाई, मंडळीचं हाय.” वर्षानुवर्षांच्या तेल-शेंदराची बोटभर जाड खपली नंबरावर चढली होती.

शिवलिंगनं पत्र्याची पट्टी आणली. चांदपाशा आडवा आला. “खरवडू नका, साहेब. आकडा गेला तर माझी बाई गेली!”

मी पिशवीतून गुडघ्याला लावायची खोबरेल तेलाची डबी काढली. चाळीस वर्षं तोंडाचा रंग उतरवला तो पाण्यानं नव्हे, खोबरेलानंच. गाडीशेजारी मांडी घातली आणि कापसानं हलक्या हातानं थर उतरवू लागलो. तासाभरानं एकेक आकडा उजेडात आला. चांदपाशा जवळ वाकून बघत होता. मग शिवलिंगनं कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा घेतला आणि संगणकाकडं गेला.

परत आला तो हळू चालत. “यादी तुमच्या गाडीनंतरच्या गाड्यांपासून सुरू होते, काका. तुमची दोन महिने आधी बनलीय.”

“म्हंजी हिचा गिअरबॉक्स चांगला हाय?”

“असं कंपनी म्हणत नाही.”

“मग खराब हाय?”

“तसंही म्हणत नाही. यादीत नाही, एवढंच.”

“मग तेवढं तरी लिहून द्या.”

“यादीत नाही याचं काय लिहून देऊ, काका? गाडी इथं ठेवा. खोलून बघतो, चार दिवस लागतील. अशी चालवत मात्र नेऊ नका.”

चांदपाशा बाहेर पायरीवर बसला. भोकर तिथून तासा-दीडतासावर, आणि हातात कागद नाही. माझ्यातला नट जागा झाला. “फोन दे इकडं. मी इन्स्पेक्टर केलेत, न्यायाधीश केलेत. कंपनीचा साहेब होऊन भाभींना सांगतो, गाडी झकास आहे.”

त्यानं फोन काढला, पण माझ्या हातात दिला नाही. मग मान हलवली. “न्हाई, मास्तर. तुमचा आवाज ती ओळखती. आन् ड्रम तिच्याच पाठीवर आला व्हता.”

ट्रकच्या इंजिनानं त्याचा कान नेलेला, म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवतो. त्यानं भाभींना फोन लावून सगळं खरं सांगितलं. यादी, दोन महिने, कागद नाही.

“गाडी किधर है?” भाभींनी विचारलं.

“शोरूम में. चार दिन.”

“और तुम?”

“पायरी पो.”

“तो बस से आओ जी. मैं बी बस से चलती तुम्हारे संगात. चौतीस साल हुए, तुम रस्ते कू देखते बैठे. एक बार बाजू में बैठ के चलो.”

फोन बंद झाला तरी तो हातातच धरून बसला.

रिक्षानं आम्ही नांदेडच्या स्टँडवर आलो. माझी लातूरची गाडी लागायची होती, त्याची भोकरची लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला.

“मास्तर, येताना बाजूला बसल्यावर बोलायचं काय असतंय?”

शेकडो प्रवेशांचे संवाद मला पाठ आहेत. नायकाचे, नायिकेचे, दोघांचेही. त्यातला एकही कामाचा वाटला नाही.

“ती बोलेल,” मी म्हणालो. “तू फक्त खिडकी तिला दे.”

“हाव,” म्हणाला आणि आत गेला.